तिसरी किल्ली

१

किल्ली सापडली शनिवारी सकाळी, शाळेच्या व्हॅनमध्ये, मागच्या सीटखाली.

सिद्दीकला वाटलं, कुणातरी पोराच्या गळ्यातली पडली असेल. शिक्रापूरच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या निम्म्या पोरांच्या गळ्यात घराची किल्ली असते. आई-बाप कंपनीत, पोरं शाळेतून येतात, कुलूप काढतात, डब्यातलं खातात आणि आई येईपर्यंत दार लावून बसतात. सिद्दीकने गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना गळे चाचपायला लावले. सगळ्यांच्या किल्ल्या जागच्या जागी होत्या. मग पाचवीतल्या प्रगतीने गंमत म्हणून आपली किल्ली त्या सापडलेल्या किल्लीशेजारी धरली, आणि दोन्हींच्या खाचा तंतोतंत जुळल्या.

शाळा सुटायची वाट न पाहता सिद्दीक सुलक्षणा मॅडमच्या शाळेतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

सुलक्षणा मॅडम राहायच्या दौंड तालुक्यात खुटबावला. संस्थेच्या दोन शाळा, एक तिकडे आणि एक शिक्रापूरला. वीस-एक वर्षं विज्ञान शिकवून झाल्यावर संस्थेने त्यांच्या गळ्यात बालसुरक्षेचं काम घातलं, तेव्हापासून त्यांची स्कूटी भीमेच्या पुलावरून इकडून तिकडे पळत असे. कामाच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, की मोठी गोष्ट झाली तर गाव आपोआप सांगेल. मला बारकी सांगा. कुणी पोराला एकट्याला गाडीवर बसवलं, कुणी वर्गाचं दार लावलं, कुणाचं एकाच पोरावर फार प्रेम आहे, एवढंसं असलं तरी सांगा. त्याला तक्रार म्हणायचं नाही. मी ऐकेन, आणि अशा दुसऱ्या गोष्टीशेजारी ठेवून बघेन.

शिक्षकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या खोलीला 'चुगली खातं' म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून त्या खात्यात एकच माणूस येऊन गेला होता, तोही शाळेच्या वडापावात मीठ जास्त असतं हे सांगायला. सिद्दीक हे खरं तर पहिलं गिऱ्हाईक.

"तुमीच म्हनला व्हता, बारकी गोष्ट आसली तरी सांगा," किल्ली टेबलावर ठेवत तो म्हणाला. "ही बारकी हाय का मोठी, ते मला कळंना."

मॅडमनी शाळेतल्या धुरपदा मावशींना बरोबर घेतलं आणि प्रगतीला घेऊन तिच्या खोलीवर गेल्या. पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक रांग, दारांना कुलपं. सापडलेली किल्ली त्यांनी कुलपात घातली. कुलूप एका झटक्यात उघडलं.

प्रगतीची आई सुषमा तेव्हा ड्युटीवर होती. तिला फोन केला. कुलपाबरोबर दोनच किल्ल्या आल्या होत्या, ती म्हणाली. एक तिच्याकडे, एक पोरीच्या गळ्यात. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी येणार, त्याला किल्ली लागतच नाही. तिसरी तिने कधी बनवलीच नव्हती.

"आधी कुलूप बदल," मॅडम म्हणाल्या. "आजच. आणि मला तुला भेटायचंय."

"गुरवारी या मॅडम, घरीच आस्ते," सुषमा म्हणाली, आणि सुपरवायझरने हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

२

सोमवारी मॅडम शाळेत पोचल्या तेव्हा फाटकाशी वीस-पंचवीस पालक जमले होते. ग्रुपवर रविवारीच फिरलं होतं: व्हॅनवाल्याकडे पोरीच्या घराची किल्ली सापडली. त्याने ती आणून दिली, एवढा भाग मात्र वाटेतच गळून गेला होता.

संस्थेचे अध्यक्ष कोंडिबा आप्पा म्हणजे सोसायटी, दूधसंघ, यात्रा कमिटी सगळं कोळून प्यालेला माणूस. त्यांनी पालकांना शांत करायचा सोपा मार्ग काढला होता: सिद्दीकची व्हॅन बंद. सिद्दीक भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. एक जण तर त्याच्या आडनावापर्यंत गेला होता.

मॅडम त्याच्याजवळ गेल्या. त्याने आवाज चढवला नाही.

"टाकून दिली आस्ती गटारात, तर आज माझी गाडी चालू आस्ती," तो म्हणाला. "तुमी सांगितलं म्हनून आनली."

हे वाक्य मॅडमच्या वर्मी लागलं. ज्याने सांगितलं त्यालाच शाळेने गुन्हेगार ठरवलं, तर उद्यापासून या शाळेत कुणीही, कधीही, काहीही सांगणार नव्हतं. आणि ज्याने ती किल्ली करवली तो माणूस इथेच कुठेतरी पोरांमध्ये वावरत राहणार होता. नवं कुलूप काय, पन्नास रुपयांत त्याचीही किल्ली करून मिळते.

त्या आप्पांसमोर जाऊन बसल्या. शुक्रवारी कमिटीची बैठक होती. तोपर्यंत मला शोधू द्या, त्या म्हणाल्या, आणि तोपर्यंत रविवारचा शिष्यवृत्तीचा वर्ग, जादा सराव, सगळं बंद ठेवा.

"रविवारचा वर्ग कशाला?" आप्पा म्हणाले. "रविवारी आई-बाप घरी आस्त्यात म्हनून तर आपन परवानगी दिली. तुमी बी मान हलवली व्हती."

हलवली होती खरी. तरीही बंद ठेवा, मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी सिद्दीकला चहा पाजला आणि एकच विचारलं: मागच्या सीटवर कोण कोण बसतं? पोरंच बसतात, तो म्हणाला. मोठं माणूस? नाही. शाळेच्या नियमात पोरांच्या गाडीत दुसऱ्या मोठ्या माणसाला जागाच नाही. हे म्हणताना तो कपातल्या चहाकडे बघत होता. वीस वर्षं पोरांचे 'गृहपाठ घरी राहिला' ऐकलेल्या बाईला एवढं पुरतं.

"सिद्दीकभाई, तुम्ही लिफ्ट दिली असेल तर तो नियम मोडला. त्याचं मी बघते. पण ते लपवलंत तर ही किल्ली तुमच्याच गळ्यात राहील."

सिद्दीकने कप खाली ठेवला. मग त्याने दोन नावं सांगितली. खेळाचे पृथ्वीराज सर कधीमधी किट घेऊन पुढच्या सीटवर बसत. आणि गणिताचे सम्राट सर शुक्रवारी हायवेपर्यंत येत, दौंडची गाडी धरायला.

"पुढं जागा आस्ली तरी मागं पोरांतच बसत्यात सर," तो म्हणाला. "गेल्या शुक्रवारी दोघंबी व्हते. आन् मॅडम, गुरवारी तर निम्मी गाडी रिकामीच आस्ती, तवा बी कुनी मोठं बसत न्हाई."

मॅडमनी पहिल्या वाक्याला मनात गाठ मारली. शेवटचं त्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

३

पृथ्वीराज सर आप्पांचा सख्खा भाचा. आवाज मैदानाच्या पलीकडून ऐकू येणारा, मिशा त्याहून मोठ्या. शाळेला खो-खोची ढाल त्यांनीच आणली होती आणि ते कुणाला विसरू देत नसत.

मॅडमनी त्यांना मैदानावरच गाठलं. सरावाच्या वेळी पोरांच्या किल्ल्या कुठे असतात? सरांनी खांब दाखवला. सगळ्या तिथं टांगतात, पळताना तोंडाला लागू नयेत म्हणून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. प्रगतीच्या घरी कधी गेला होता? गेलो होतो की, सर म्हणाले, एका गुरुवारी संध्याकाळी, पोरीला तालुक्याला न्यायची परवानगी मागायला. आईने चहा पाजला. मग त्यांनी जरा थांबून इकडेतिकडे बघितलं.

"मॅडम, एक सांगू का? सम्राट सर मला इचारत व्हते, कुठल्या पोराचे आई-बाप कुठल्या शिफ्टला हायेत म्हनून. मला वाईट वाटलं न्हाई तवा. पण आता वाटतंय."

"मग सांगितलं का नाहीत?"

सरांच्या मिशा खाली आल्या. आपण स्वतः तीन-तीन पोरं मोटारसायकलवर बसवतो, ते निघालं असतं म्हणून, ते म्हणाले. मॅडमनी त्यांना तिथंच, खांबाजवळ उभं करून, उद्यापासून ते बंद असं सांगितलं, आणि शाळेतला सगळ्यात मोठा आवाज खाली मान घालून बरं म्हणाला.

धुरपदा मावशी रविवारी शाळेचं फाटक उघडायला येत. त्यांच्याकडून दोन गोष्टी निघाल्या. एक, सम्राट सर घेतात त्या रविवारच्या वर्गाचं दार आतून लावलेलं असतं. पंख्याचा वारा जातो म्हणे. दुसरी, वर्ग सुरू होताना सर सगळ्यांच्या किल्ल्या काढून एका स्टीलच्या डब्यात ठेवायला लावतात, पोरं चाळा करतात म्हणून. वर्ग संपेपर्यंत डबा सरांजवळ. मधल्या सुट्टीत सर बाहेर चहाला जातात, तेव्हा डबा पोरांजवळ राहतो का, तर नाही, तोही सरांच्या पिशवीतून बाहेर जातो.

"मी गप बसले," मावशी म्हणाल्या. "सर मानूस लई चांगलं. कुनी हसलं आस्तं मला."

सम्राट सर खरोखरच चांगले होते, निदान सगळं शिक्रापूर तसं म्हणायचं. आवाज मऊ, इस्त्रीचा शर्ट, एकाही पोरावर हात उचललेला नाही. मॅडमनी विचारायच्या आधीच त्यांनी सिद्दीकबद्दल हळहळ व्यक्त केली. गरीब माणूस आहे, पण अशा लोकांवर किती विश्वास ठेवायचा, असं काहीसं ते म्हणाले. किल्ल्यांचा डबा त्यांनी लपवला नाही. आतून लावलेलं दारही नाही. रविवारच्या वर्गासाठी आपण हुशार पोरं निवडली, म्हणाले. कुणाच्या घरी जाता का, असं विचारल्यावर मात्र ते क्षणभर थांबले, आणि मग मोकळे हसले.

"किल्ली सापडली त्याच्या आधीच्या रविवारीच गेलो होतो प्रगतीकडे, वर्ग सुटल्यावर. तिची आई घरीच होती. रविवार ना. गणितात मागे पडते म्हणून सांगायला गेलो. बाईंनी आग्रहाने चहा केला. शेजारच्या आजीपण बाहेरच बसलेल्या होत्या, त्यांनी पाहिलंय मला. चोरून जाणारा माणूस असा भरदिवसा, आईच्या देखत जाईल का, मॅडम?"

नाही जाणार. मॅडम जिन्यावरून उतरल्या तेव्हा त्यांचा संशय निम्मा विरघळला होता. रविवारचा दिवस, आई घरी, चहा. त्यांच्या डोळ्यांसमोर खुटबावचा रविवार उभा राहिला: अंगणात वाळवण, घरात माणसं, आणि पाहुण्याला चहाशिवाय कोण जाऊ देतं?

एकच गोष्ट कुसळासारखी टोचत राहिली. हुशार पोरं निवडली म्हणाले, आणि त्यातलीच एक गणितात मागे पडते म्हणाले.

४

गुरुवारी मॅडम खोल्यांच्या रांगेपाशी पोचल्या आणि स्कूटी थांबवून बघतच राहिल्या.

शनिवारी इथे कुलपं लटकत होती. आज एकही दार बंद नव्हतं. देखभालीसाठी लाइट गेलेली, म्हणून बायका बाहेर बसून लसूण सोलत होत्या. पुरुष बनियनवर गाड्या धूत होते. दोरीवर निळ्या गणवेशांची रांग वाळत होती. कुणीतरी मटणाला फोडणी दिली होती, त्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. थेट रविवार.

सुषमाने सतरंजी टाकली. मॅडमनी सहज विचारलं, रजा टाकली का?

"रजा कशाची? गुरवार न्हाई का? आमची साप्ताहिक सुट्टी. ह्या लाइनीत समद्यांची गुरवारीच. म्हनून तर आज पोरीला मीच शाळंत सोडली."

मॅडमच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. गुरुवारी निम्मी रिकामी असणारी व्हॅन. गुरुवारी भेटायला जाणारे पृथ्वीराज सर. 'गुरवारी या, घरीच आस्ते.' तीन माणसांनी तीनदा कानात सांगितलं होतं, आणि त्यांच्या खुटबावच्या डोक्यात रविवार पक्का बसलेला होता.

"म्हणजे रविवारी..."

"रविवारी ड्युटी. सकाळी सातला जाते ती सांजंला येते."

"सम्राट सरांना तू कधी चहा केलायस?"

"कोन सम्राट सर?" सुषमा म्हणाली. "मी तर त्यास्नी बघितलं बी न्हाई."

सुषमाचा हात आपोआप नव्या कुलपाकडे गेला. मॅडमनी तिला शांत केलं. प्रगती शाळेतून आली, तेव्हा तिला आईशेजारी बसवून, आई तिच्या डोक्यावर तेल घालत असतानाच मॅडमनी एकच प्रश्न विचारला: किल्ली सापडली त्याच्या आधीच्या रविवारी घरी कुणी आलं होतं का?

"सर," प्रगती म्हणाली. "मला सोडायला. दारात आजी बसली व्हती, तिला बघून म्हागारी गेले. सांगू नको म्हनले, न्हाईतर समद्यांनाच सोडाया लागंल."

मॅडमनी पुढे एक शब्दही विचारला नाही. पोरीला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नसतं. तेवढं ज्यांचं काम आहे ते लोक नीट विचारतील. त्या बाहेर आल्या, शेजारच्या आजींना खाली वाकून नमस्कार केला, आणि आजींना आपण काय केलं ते कळलंच नाही.

५

शुक्रवारी, कमिटीच्या बैठकीआधी, आप्पांच्या खोलीत आप्पा, पृथ्वीराज सर, सम्राट सर आणि दाराशी उभा सिद्दीक एवढेच होते. त्याला बसायला मॅडमनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि मुलांना प्रयोग समजावून सांगावा तशी सुरुवात केली. किल्लीची नक्कल करायची तर मूळ किल्ली काही वेळ तरी पोरीच्या गळ्यातून दूर जायला हवी. व्हॅनमध्ये ती गळ्यातच असते. म्हणून सिद्दीकभाई बाद. मैदानावर ती खांबावर, वीस पोरांसमोर. तिथून एक किल्ली उचलून बाजारात जाऊन आलं तर बोंब झाली असती. उरला रविवारचा डबा. तो चहाच्या सुट्टीत पिशवीतून बाहेर जातो.

"एवढ्यावर तुम्ही मला..." सम्राट सर मऊपणे म्हणाले.

"एवढ्यावर नाही. गेल्या शुक्रवारी तुम्ही मागच्या सीटवर बसला होता, तिथेच ती पडली. पण त्यावरही नाही. तुम्ही मला रविवारचा चहा सांगितलात, त्यावर."

आणि त्यांनी गुरुवारचं सगळं सांगितलं. आजींनी पाहिलं, हे सरांना ठाऊक होतं. ते कधीतरी निघणार, म्हणून आधीच त्याला आईची आणि चहाची जोड दिली. सुषमा रविवारी कामावर असते, हेही सरांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यासारख्या शेतकरी घरातल्या बाईला ते ठाऊक नसणार, यावर त्यांनी डाव लावला. आणि डाव जवळजवळ लागला होता.

"तुमच्या वर्गातली पोरं हुशार म्हणून निवडलेली नाहीत, सर. काल मी एकेकाचं घर विचारलं. सगळ्यांच्या गळ्यात किल्ली आहे आणि सगळ्यांच्या आया रविवारी कंपनीत असतात."

सम्राट सरांच्या शर्टाची इस्त्री तशीच होती, पण तोंडाचा रंग गेला होता. पोर किल्ली हरवते म्हणून काळजीने करून ठेवली, ते म्हणाले. मग आईला का नाही दिलीत, मॅडमनी विचारलं.

आप्पांनी घसा साफ केला. आप्पा वाईट माणूस नव्हते, फक्त भांडणं मिटवून मिटवून त्यांना मिटवायचीच सवय लागली होती.

"घडलं तर काय न्हाई ना? मग राजीनामा घिऊ. शाळेचं नाव ऱ्हाईल, ते जात्याल दुसऱ्या शाळंत."

"आप्पा, दुसऱ्या शाळेतल्या पोरींच्या गळ्यातपण किल्ल्या असतात," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी बोलता बोलता फोन टेबलावर ठेवला होता. पोलीस ठाण्याला सकाळीच कळवलं आहे, मुलांच्या मदतीच्या १०९८ या हेल्पलाइनलाही कळवलं आहे, सुषमा तिथेच बसली आहे, असं त्यांनी सांगितलं. काही घडलं की नाही, ते ठरवायचं काम ना आपलं ना आप्पांचं. घडेपर्यंत थांबायचं नाही, एवढं मात्र आपलं.

आप्पांनी किल्ली मॅडमकडे सरकवली. मग त्यांनी फेटा नीट केला, उठले, आणि सगळ्यांसमोर सिद्दीकपुढे हात जोडले. "तुमची गाडी सोमवारपासनं," ते म्हणाले. "फाटकाशी मी सोता हुबा ऱ्हातो. कुनी काय बोललं तर माझ्याशी बोलंल."

दुपारी पोलीस येऊन सम्राट सरांना घेऊन गेले. संध्याकाळी सगळं आवरेपर्यंत प्रगती फाटकाशी एकटीच राहिली होती. व्हॅन बंद, आई अजून ठाण्यात. मॅडमनी तिला स्कूटीवर मागे बसवलं, वाटेत उसाचा रस पाजला आणि शेजारच्या आजींच्या हवाली केलं. खुटबावला परतताना पुलावरचा वारा त्यांना फार दिवसांनी गोड लागला.

६

पुढच्या आठवड्यात चुगली खात्याला जरा धंदा आला. धुरपदा मावशी दोनदा येऊन गेल्या. एक नवी शिक्षिका दारात घुटमळली आणि शेवटी आत आली. पृथ्वीराज सर आपली मोटारसायकल लांब लावून चालत येऊ लागले. सिद्दीक मात्र फिरकला नाही. व्हॅन वेळेवर यायची, वेळेवर जायची, तो लांबूनच मान हलवायचा. मॅडमना ते लागत होतं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याचाच विश्वास गेला असेल, तर मग जिंकलं काय?

एका दुपारी दारावर टकटक झाली. सिद्दीक होता. बसला नाही.

"बारकी गोष्ट हाय, मॅडम," तो म्हणाला. "सांगू का नको, आठ दिस इचार करतोय."

"सांगा की."

"त्या शुक्रवारी तुमी प्रगतीला एकटीला गाडीवर न्हेली. रस पाजला. तिच्या आईला इचारलं नव्हतं. सुषमाताई ठान्यातनं फोन करून समद्यांना इचारत व्हत्या, पोरगी कुनाबरोबर गेली म्हनून. तुमी व्हता म्हनून मागनं कुनी काय बोललं न्हाई."

एवढं सगळं मी केलं, आणि मलाच? हा प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. समोर सिद्दीक हातात गाडीची किल्ली घट्ट धरून उभा होता. मागच्या वेळी याच दारात खरं सांगून काय मिळालं, हे ठाऊक असलेला माणूस पुन्हा आला होता.

जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मी आधी सुषमाला फोन करायला हवा होता. बरं झालं सांगितलंत."

त्यांनी त्याच्यासमोरच सुषमाला फोन लावला आणि माफी मागितली. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि बाहेर पडल्या. स्टाफरूममधून माना वर झाल्या. सिद्दीक जरा अंतर ठेवून मागोमाग आला.

आप्पा दूधसंघाच्या फोनवर होते. मॅडमना दारात बघून त्यांनी फोन बाजूला केला. "आता काय झालं?"

"बारकीच गोष्ट आहे, आप्पा," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या. "माझ्याबद्दलची आहे. सिद्दीकभाई सांगतील, तुम्ही ऐकून घ्या."

आणि त्यांनी सिद्दीकसाठी पुन्हा एकदा खुर्ची ओढली.